बलकाची ओळ आणि आपली सहल

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत ‘आपल्या परिसरातील प्राचीन स्थळे’ या विषयावर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला वीस मिनिटं दिली आहेत. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यामुळे पस्तीस मिनिटांच्या तासाची सवय आहे, तरी प्रयत्न करते. विषय कमिटीनेच दिला. पण खरं सांगायचं तर नोटीस बोर्डावर लागलेल्या दुसऱ्या एका कागदामुळे मी तो लगेच घेतला. जुलैच्या तिसऱ्या रविवारी ‘रौप्यमहोत्सवी वर्षासहल, कोंडाणे लेणी, दोन बसेस, धबधब्यात भिजणे, लेण्यात जेवण’ असा तो कागद आहे. त्या कागदाबद्दल मी शेवटी बोलणार आहे. सेक्रेटरींनी तोपर्यंत रागावू नये.

आधी लेण्यांबद्दल. आपण कर्जतमध्ये राहतो, पण इथे बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक पहाटेची लोकल पकडून मुंबईला जातात आणि रात्री परततात. रविवारी मुंबईची पोरं पाठीवर सॅक टाकून आपल्या स्टेशनात उतरतात, तेव्हा आपण दूध आणायला निघालेले असतो. त्यामुळे कोंडाणे त्यांना जास्त माहीत आणि आपल्याला कमी, असं झालं आहे. कोणी कोंडाणे म्हणतं, कोणी कोंढाणे. सिंहगडाचा कोंढाणा तो वेगळा. आपली लेणी राजमाचीच्या पायथ्याच्या जंगलात आहेत. कोंदिवड्यापर्यंत रिक्षा जाते, पुढे तासाभराची चढण.

ही लेणी इसवीसनापूर्वी पहिल्या-दुसऱ्या शतकातली. म्हणजे दोन हजार वर्षांहून जुनी. त्या काळी सोपारा, कल्याण, चौल या बंदरांत माल उतरायचा आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर जायचा. घाटाच्या वर कार्ले, भाजे, बेडसे आणि खाली आपलं कोंडाणे. व्यापाऱ्यांचे तांडे आणि भिक्खूंचे विहार एकाच वाटेवर असायचे, कारण एकाला दुसऱ्याची गरज होती. पुढे इंग्रजांनी रेल्वे नेली तीही याच बोरघाटातून, १८६३ साली. आपण ज्या मार्गावर रोज लोकलला लोंबकळतो, तो मार्ग इतका जुना आहे.

लेण्यात काय आहे? एक चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा, आणि बाजूला विहार, म्हणजे राहायची जागा. चैत्यगृहात बुद्धाची मूर्ती शोधू नका, नाही. तेव्हा स्तूपाचीच पूजा होत असे. विहार बघताना मला दर वेळी आपली सोसायटी आठवते. मध्ये खांबांचा दिवाणखाना आणि तीन बाजूंना सहा-सहा अशा अठरा खोल्या. झोपायला दगडी ओटा. एकाला बाल्कनी आणि दुसऱ्याला नाही, अशी भांडणं तिथे झाली नसावीत. वरचं छत बघितलं तर दगडातच लाकडी तुळया कोरल्यासारखं दिसतं. कारण हे कारागीर मुळात लाकडात काम करणारे, किंवा लाकडी इमारती डोळ्यांसमोर ठेवून दगड कोरणारे. भाज्याला तर छताच्या खऱ्या लाकडी फासळ्या अजून टिकून आहेत. कोंडाण्याला तसं भाग्य नाही. इथल्या चैत्यगृहातल्या बऱ्याच खांबांचे खालचे भाग ओलीने खाऊन टाकले आहेत. काही ठिकाणी खांबाचा वरचा तुकडा छताला लटकल्यासारखा दिसतो. खाली काहीच नाही! मुलं विचारतात, बाई, हा पडत कसा नाही? तर खांब आणि छत एकाच कातळाचे आहेत म्हणून. तो बसवलेला नाही, कातळ कोरून काढताना मागे ठेवलेला आहे.

ओल हा विषय या हॉलमध्ये काढायचा नाही हे मला माहीत आहे. बी विंगच्या गच्चीवरून गेल्या तीन वार्षिक सभा गाजल्या. पण मुद्दा तोच आहे. पाणी फटीतून शिरतं, आत मुरतं, आणि वर्षानुवर्षं काम करतं. आपल्या गच्चीला निदान वॉटरप्रूफिंग करता येतं. कातळात झिरपणाऱ्या पाण्याला काय करणार? वरून सिमेंट फासलं तर पाणी दुसरीकडून वाट काढतं आणि दगडाचा पापुद्राच निघतो. म्हणून जुन्या वास्तूच्या दुरुस्तीला चुना जाणणारी, सबुरीची माणसं लागतात.

आता मी ज्या गोष्टीसाठी उभी आहे ती सांगते. चैत्यगृहाच्या दर्शनी बाजूला, डाव्या हाताला, एका मोठ्या मूर्तीचा फक्त डोक्याचा भाग उरला आहे. माणसाच्या डोक्याच्या साधारण दुप्पट. चेहरा पार गेलेला. पण डोक्यावरचा साज इतका बारीक कोरलेला, की शिल्पकाराचा हात किती तयार होता ते कळतं. त्या मूर्तीच्या खांद्याजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे. जेमतेम चौदा-पंधरा अक्षरं. ‘कण्हस अंतेवासिना बलकेन कतं.’ कण्हाचा, म्हणजे कृष्णाचा, अंतेवासी असलेल्या बलकाने केलं. बस, एवढंच. राजाचं नाव नाही, दान किती दिलं ते नाही. लेण्यांत दात्यांची नावं रग्गड सापडतात, पण हाताने काम करणाऱ्याची सही फार क्वचित. आपल्या तालुक्यातल्या माणसाने, निदान आपल्या तालुक्यात काम केलेल्या माणसाने, ती केलेली आहे. आणि स्वतःच्या आधी गुरूचं नाव घातलं आहे.

हा कण्ह कोण? छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पितळखोऱ्याला एक यक्षमूर्ती सापडली, तिच्या हातावर कण्हदास नावाच्या सोनाराने ती केल्याचं कोरलं आहे. काही अभ्यासकांना वाटतं की तो आणि हा एकच. तसं असेल तर दगडात दागिन्यासारखं काम कुठून आलं त्याचा उलगडा होतो. सिद्ध झालेलं नाही, पण मला हे पटावंसं वाटतं, हे आपलं माझं मत.

अंतेवासी हा शब्द बघा. आपण त्याचा अर्थ शिष्य असा करतो. मूळ अर्थ जवळ राहणारा. गुरूच्या शेजारी राहून जो शिकतो तो.

ही लेणी पुन्हा लोकांच्या नजरेला कशी आली? जंगलातल्या ठाकरवाड्यांना ती माहीत होतीच. त्यांच्या लेखी ती पांडवांनी एका रात्रीत खोदली, कोंबडा आरवला म्हणून काम अर्धं राहिलं. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक लेण्याबद्दल सांगतात आणि मला ती आवडते. कागदोपत्री नोंद ठाण्याच्या १८८२ च्या गॅझेटिअरात आहे, तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात होतं. त्यात लिहिलंय की कोंडाण्याकडे प्रथम लक्ष वेधलं ते विष्णुशास्त्री नावाच्या गृहस्थांनी, आणि त्यानंतर ठाण्याचे कलेक्टर लॉ तिथे गेले. हे विष्णुशास्त्री म्हणजे निबंधमालेचे चिपळूणकर नव्हेत, त्यांचा जन्मच १८५० चा. बहुतेक लेण्यांचं श्रेय शिकारीला आलेल्या साहेबाला मिळतं, इथे आपल्या शास्त्रीबुवांना मिळालं याचा मला थोडा आनंद आहे. आणि सगळं सापडून झालं असंही नाही. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका नैसर्गिक घळीत जुनी रंगीत चित्रं असल्याचं पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या लक्षात आलं. प्राणी, माणसं.

तर अशी ही जागा. पावसाळ्यात काय होतं तिथे? लेण्याच्या तोंडावरच धबधबा पडतो. दिसतो सुंदरच, त्यात वाद नाही. मग शंभर-दोनशे माणसं एका वेळी. ओले बूट, स्पीकर, विहारात चूल, छताला काजळी, खोल्यांत वेफर्सच्या पिशव्या. दगडाने घासून लिहिलेली नावं, बदाम, बाण. बलकाने एक ओळ लिहिली ती दोन हजार वर्षं टिकली, म्हणून कोणाला वाटत असेल आपलीही टिकावी. टिकेल की! तीच तर पंचाईत आहे. खरवडलेलं बुजवता येत नाही.

यावर कायदा नाही असं नाही. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाचं नुकसान करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई. पण त्या जंगलात मुसळधार पावसात कायदा वाचून दाखवायला कोण उभं राहणार?

फ्रान्समध्ये लास्को नावाची गुहा आहे. १९४० मध्ये सापडली, हजारो वर्षांपूर्वीची चित्रं. लोक बघायला लोटले. त्यांच्या नुसत्या श्वासाने आणि आतल्या दिव्यांनी भिंतींवर शेवाळं धरलं. १९६३ मध्ये गुहा लोकांसाठी बंद करावी लागली आणि पुढे शेजारी तिची प्रतिकृती बांधली. चांगल्या हेतूने बघायला आलेली माणसंसुद्धा जागा संपवू शकतात, ती अशी. कोंडाण्याला कुलूप लावा असं मी म्हणत नाही. लोक गेलेच नाहीत तर तिथे काय आहे आणि काय चाललंय हे कोणाला कळणार? आंबिवलीचं लेणं बघा. नदीच्या वळणावर, तीन बाजूंना बारा खोल्या, कर्जतहून पेठच्या किल्ल्याकडे जाताना सहज होणारं. तिथे गर्दी नाही, पण आपल्यापैकी कितीजणांनी ते पाहिलंय? हात वर करा. चार. बरं, पाच.

आणि जिथे कोरलेलं काहीच नाही अशा जागाही आहेत. आपल्या शेजारच्या खालापूर तालुक्यात चावणीजवळ उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ ला शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या फौजेला तिथे रानात कोंडलं. आज तिथे स्मारक उभं आहे, पण खरं स्मारक म्हणजे ती अरुंद खिंड, नदीचं पात्र, दोन्हीकडचं दाट रान. ते रान तोडून प्लॉट पडले, तर एवढी मोठी फौज तिथे कशी अडकली हे मुलांना कशावरून दाखवणार?

म्हणून मी पुन्हा त्या ‘जवळ राहणारा’ शब्दाकडे येते. या जागा आजवर राखल्या त्या जवळ राहणाऱ्यांनी. वाटाड्या तेच, वाट चुकलेल्यांना रात्री शोधायला जाणारे तेच. इर्शाळगडाला जाणारी मंडळी ज्या वाडीत पाणी प्यायला थांबायची, ती इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. त्या आठवड्यात आपल्या सोसायटीतून चादरी आणि धान्य गेलं होतं, तुम्हाला आठवत असेल. डोंगर पावसाळ्यात कसा असतो हे आपल्याला मुंबईकरांसारखं बातम्यांत बघायची गरज नाही. आणि ज्या गावांच्या जिवावर हे पर्यटन चालतं, त्यांच्या हातात त्यातलं काय पडतं? येणारा माणूस जेवणाचा डबा मुंबईहून आणतो आणि रिकामा डबा तेवढा गावात टाकून जातो.

आता तो नोटीस बोर्डावरचा कागद.

माझी विनंती आहे की जुलैची सहल रद्द करून ती डिसेंबरात न्यावी. चढण निसरडी, वरून दगड सुटतात, आणि धबधब्यांवर जायला दर पावसाळ्यात मनाईचे आदेश निघतात ते उगाच नाही. आपल्यात साठीच्या पुढचे सव्वीस सभासद आहेत, मी मोजले. शिवाय दोन बसेस एकदम नकोत. पंचवीस-पंचवीसच्या दोन तुकड्या, दोन वेगळ्या रविवारी. वाटाडे गावातले दोघं घेऊ आणि त्यांचे पैसे ठरवून आधी देऊ. जेवण लेण्यात नाही. खाली गावात बचत गटाच्या बायका पिठलं-भाकरी करून देतील, मी बोलून आले आहे. थर्माकोलच्या प्लेटा नेणार नाही, प्रत्येकाने आपलं ताट घ्यायचं.

नाचायचं काय, असं मगाशी कोणीतरी मागून विचारलं. कोजागिरीला गच्चीवर नाचा, वॉटरप्रूफिंग झालेलं असेल तर.

मुलांसाठी एक काम आहे. प्रत्येकाने वही-पेन्सिल आणायची आणि बलकाची ती ओळ बघून उतरवून घ्यायची. दगडाला हात न लावता, खडू न फिरवता. ब्राह्मीची अक्षरं मी त्याआधीच्या चार शनिवारी संध्याकाळी पाच वाजता इथेच शिकवणार आहे. फी नाही, मोठ्यांनीही यायला हरकत नाही. ज्याची ओळ बिनचूक उतरेल, त्याची वही आपण ऑफिसातल्या काचेच्या कपाटात ठेवू, क्रिकेटच्या चषकांशेजारी.

नावं ए विंगच्या तळमजल्यावर माझ्याकडे द्यायची. सकाळी साडेसहाला गेटवर जमायचं आणि दुपारी तीनला वरून उतरायला सुरुवात करायची. डिसेंबरात त्या जंगलात अंधार लवकर पडतो.