संगणक सुरू होत नाही तेव्हा

धानोऱ्याहून आम्ही बोलतोय. सुटे भाग जोडून बनवलेला आमच्या बचत गटाचा संगणक परवा सुरूच होईना. पंखा फिरायचा, पडदा मात्र काळा. कर्जाचा सगळा हिशोब त्यातच! दुकानदार म्हणाला, नवाच घ्या.

आम्ही आधी पडद्याची वायर तपासली. मग प्लग काढून डबा उघडला, रॅमची पट्टी बाहेर काढली. तिच्या सोनेरी दातांवर धूळ-ओल बसली की संगणक अडतो. खोडरबरने दात हलके पुसले, चुरा झटकला, खटका वाजेपर्यंत पट्टी परत दाबली. संगणक सुरू झाला!

एक लक्षात ठेवा, पॉवर सप्लायची पेटी कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात वीज साठलेली असते. आणि हिशोब वहीतही लिहा.