दोघींची गोष्ट : आपल्या वाचनवर्गातील मते
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वाचनवर्गाचा अहवाल मी वाचावा असे ठरले होते. किती पुस्तके आली, किती फाटली, वर्गणी कोणाची राहिली, हे सारे चिटणीसबाईंच्या वहीत आहे आणि त्या ते माझ्यापेक्षा चांगले सांगतील. मी आज एकाच कादंबरीविषयी बोलणार आहे. २०२४ च्या पावसाळ्यात गुरुवारच्या दुपारी आपण जी ऐकली आणि जिच्यामुळे दोघी-तिघींनी वर्गाला येणे बंद केले, ती. त्या भगिनी आज येथे बसल्या आहेत, याचा मला फार आनंद आहे.

प्रथम हे कसे घडले ते सांगते, कारण गावात त्याविषयी भलतेसलते पसरले होते. आषाढात आपण नाटक वाचावयास घेतले. नाटक वाचले म्हणजे आवाज वाटून घेता येतात, आणि ज्यांना अक्षर दिसत नाही त्यांनाही मजा येते. कपाटात विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' होते. नाव साधे वाटले म्हणून मीच काढले. हे नाटक १९८१ च्या सुमारास रंगभूमीवर आले, आणि 'गांधी' चित्रपटात ज्यांना आपण कस्तुरबा म्हणून पाहिले त्या रोहिणी हट्टंगडी यांनी त्यात मित्राची भूमिका केली होती. मित्रा म्हणजे सुमित्रा, कॉलेजातील मुलगी. काळ स्वातंत्र्यापूर्वीचा. तिला कळून चुकते की आपले मन पुरुषाकडे जात नाही. हे ती बापू नावाच्या मित्राजवळ बोलते. पुढे कॉलेजच्या नाटकात ती पुरुषाची भूमिका करते आणि समोरच्या नमा नावाच्या मुलीवर तिचा जीव जडतो. नमाच्या मागे मन्या दळवी असतो. मित्राने नमाला लिहिलेले पत्र त्याच्या हाती पडते आणि मग जे व्हावयाचे ते होते. नमा दूर जाते. मित्रा शेवटी जीव देते.

शेवटचे पान वाचून झाले तेव्हा बाहेर पाऊस होता आणि आत कोणी बोलेना. मग आपल्यातील सर्वांत वडील आजी, ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्या म्हणाल्या, "आपला बाबू गेनू देशापायी गेला, त्ये समजतं. ही पोर कशापायी गेली?"

या गावात त्या नावाने बोललेले वाक्य कोणी हसण्यावारी नेत नाही. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झालेला बावीस वर्षांचा मुलगा आपल्या महाळुंग्याचा. मरणाचा मान राखणे आपल्याला लहानपणापासून शिकविले आहे. पण आजींचा प्रश्न वेगळा होता. मित्राच्या मरणाने कोणाचे काय साधले? त्यांना उत्तर देता येईना, म्हणून मी म्हटले, "आजी, नाटककाराने तसे लिहिले." त्या म्हणाल्या, "मग दुसरं कोणी लिहिलं असंल की."

दुसरे कोणी लिहिले होते. पुण्यास नोकरीला असलेली माझी भाची श्रावणात आली होती. तिने पॅट्रिशिया हायस्मिथ या अमेरिकन लेखिकेची कादंबरी चार गुरुवारी इंग्रजीतून पाहत पाहत मराठीत सांगितली. ही कादंबरी १९५२ साली निघाली, तेव्हा लेखिकेने स्वतःचे नाव घातले नाही; क्लेअर मॉर्गन असे खोटे नाव घातले. आधीच्या प्रकाशकाने ती नाकारलीही होती. पुढच्या वर्षी स्वस्त आवृत्ती निघाली आणि तिच्या सुमारे दहा लाख प्रती खपल्या. खऱ्या नावाने ती छापावयास १९९० साल उजाडले. तेव्हा नाव 'कॅरोल' झाले. मूळचे नाव मात्र 'मिठाची किंमत' असे होते. हे नाव ऐकताच आपल्या भगिनींनी कादंबरी आपलीशी केली! एकीला मिठाइतकी बापावर माया करणारी गोष्टीतील राजकन्या आठवली, दुसरी म्हणाली हे खाल्ल्या मिठाला जागण्याविषयी असणार, तिसरीने सांगितले की मिठाची किंमत नसते, ते नसले म्हणजे कळते. लेखिकेच्या मनात काय होते ते असो; मला तिसरीचे म्हणणे पटले.

गोष्ट थोडक्यात अशी. थेरेझ नावाची एकोणीस वर्षांची मुलगी नाताळच्या गर्दीत मोठ्या दुकानात खेळणी विकते. कॅरोल नावाची श्रीमंत बाई लेकीसाठी खेळणे घ्यावयास येते. कॅरोलचा नवऱ्याशी काडीमोड चालला आहे. (लेखिकेने स्वतः नाताळात असेच खेळण्यांच्या विभागात काम केले होते आणि अशाच एका गिऱ्हाईक बाईला पाहून घरी जाऊन गोष्टीचा आराखडा लिहिला होता.) दोघींची ओळख, मग मैत्री, मग त्याहून अधिक. दोघी मोटारीने दूरच्या प्रवासाला निघतात. नवरा मागे गुप्तहेर लावतो. कोर्टात मुलगी कोणाकडे राहावी हा प्रश्न येतो, आणि कॅरोलला सांगण्यात येते की लेक भेटावयास हवी असेल तर थेरेझचे नाव सोड. ती तसे सारे कबूल करीत नाही. लेक जवळजवळ गमावते. शेवटी थेरेझ तिच्याकडे परत येते. कोणी मरत नाही.

आता मते. ती मी जशी आठवतात तशी सांगते. नावे घेणार नाही.

पहिला आक्षेप असा आला की असले काही सुनांसमोर वाचू नये. हा आक्षेप मी हसून उडवीत नाही. ज्या वहिनींनी तो घेतला त्यांच्या घरी दोन सुना आहेत आणि गावाचे बोलणे त्यांना ऐकावे लागते. पण अश्लील म्हणावे असे त्यात काय होते, असे विचारले तेव्हा त्यांनाही एक ओळ सांगता येईना. उर्दू लेखिका इस्मत चुगताई यांच्या १९४२ सालच्या 'लिहाफ' या कथेवर लाहोरच्या कोर्टात अश्लीलतेचा खटला झाला आणि त्या सुटल्या, हे मी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "कोर्टानं सोडलं म्हणजे गावानं सोडलं असं नसतं, बाई." हेही खरेच.

दुसरे मत असे की हे परदेशातले आहे, आपल्याकडचे नव्हे. त्यावर आजीच म्हणाल्या की जात्यावर बसून आम्ही गडणीच्या ओव्या गायलो, गडणीला गुज सांगितले, तिच्यासाठी डोळे भरले. ते काय होते, नवऱ्याला सांगण्यासारखे होते का? येथे मला सावध राहिले पाहिजे. प्रत्येक गडण म्हणजे थेरेझ नव्हे आणि तसे म्हटले तर जात्यावरच्या बायकांवर अन्याय होईल. वर्तमानपत्रात 'समलिंगी' हा शब्द येतो, तो आपल्या तोंडी बसत नाही. आणि 'गडण' म्हटले तर अर्थ अपुरा पडतो. वर्गात शेवटपर्यंत सगळ्या जणी "त्या दोघी" असेच म्हणत राहिल्या. मला तो शब्द पुरला.

खरे भांडण लागले ते कॅरोलच्या लेकीवरून. तो गुरुवार मी विसरणार नाही. चहा थंड झाला. एक बाजू म्हणे, आईने काहीही करावे पण पोर सोडू नये. कोर्टापुढे खोटे बोलली असती तर काय बिघडत होते? आपण सगळ्या संसारात खोटे बोलतोच. नवऱ्याने विचारले की माहेरी किती पैसे दिले, तर खरे कोण सांगते? दुसरी बाजू म्हणे, ती खोटे बोलून राहिली असती तर रोज त्या लेकीच्या डोळ्यांदेखत खोटी राहिली असती. अंगणवाडीच्या ताई फार रागावल्या. त्या म्हणाल्या, पोर हिसकावण्याची धमकी देऊन बाईला वाकविणे हे तर नेहमीचेच आहे, यात "त्या दोघी" असण्याचा काही संबंध नाही; सासरहून निघालेल्या कोणत्याही बाईला विचारा. या बोलण्यानंतर वर्गातील दोन जणी बराच वेळ खाली मान घालून बसल्या होत्या. मी स्वतः अजून कोणत्याच बाजूला नाही. त्या बाईने लेक सोडली नाही, लेक तिच्याकडून घेतली गेली, एवढे मात्र मला वाटते, आणि हे दोन वेगळे आहे.

बचतगटाच्या एका भगिनीने फार मोलाचा मुद्दा काढला. त्या म्हणाल्या, या दोघी जगल्या त्या प्रेमामुळे नव्हे; एकीजवळ पैसा होता आणि दुसरीच्या हाताला काम होते. मित्राजवळ काय होते? मंचरच्या बाजारात कांद्याची पट्टी स्वतःच्या नावावर घेणारी बाईच हे बोलू शकते.

कायद्याविषयीही विचारणा झाली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान माणसांच्या संमतीचे असे संबंध गुन्हा नाहीत असे ठरविले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने अशा विवाहाला मान्यता देण्याचे नाकारले आणि ते काम कायदेमंडळाचे आहे असे म्हटले. मधल्या काळात, मे २०२२ मध्ये, केरळच्या उच्च न्यायालयाने घरच्यांनी ताटातूट केलेल्या दोन सज्ञान तरुणींना एकत्र राहण्याची मोकळीक दिली. म्हणजे राहता येते, लग्न लागत नाही. "रेशनकार्डावर नाव लागंल का?" असे एकीने विचारले. सगळ्या हसल्या, पण प्रश्न हसण्याचा नव्हता.

भाचीने शेवटच्या दिवशी एक गोष्ट सांगितली. ती स्वस्त आवृत्ती निघाल्यावर त्या खोट्या नावाने प्रकाशकाकडे आठवड्यातून दोनदा दहा-दहा, पंधरा-पंधरा पत्रे येत आणि असे कित्येक महिने चालले. बायका लिहीत, पुरुषही लिहीत. बरेच जण लहान गावांतले होते. अशा पुस्तकात माणसे शेवटी मरत नाहीत हे आम्ही पहिल्यांदा वाचले, असा त्यांचा सूर होता. कोणी लिही की माझ्या गावात मला बोलायला कोणी नाही. लेखिका काहींना उत्तर देई की मोठ्या शहरात जा, तेथे माणसे भेटतील.

हे ऐकत असताना मला घाम फुटला होता, आणि त्याचे कारण मी त्या दिवशी सांगितले नाही. आज सांगते.

१९८७ साली मी दुसऱ्या तालुक्यातील एका शाळेत शिकवीत होते. दहावीच्या वर्गात वह्या तपासताना एका मुलीच्या वहीत चिठ्ठी सापडली. दुसऱ्या मुलीला लिहिलेली. तीत वाईट म्हणावे असे काही नव्हते. उद्या येताना अबोलीचा गजरा आण, अर्धा तुला अर्धा मला, आणि तू काल बोलली नाहीस तर मी जेवले नाही, एवढेच. पण अक्षर वाचून मला कळले की हे निराळे आहे. मी सत्तावीस वर्षांची होते. मला वाटले, मी त्या मुलीचे भले करते आहे. बाजाराच्या दिवशी तिचे वडील भेटले आणि मी ती चिठ्ठी त्यांच्या हातात दिली.

पंधरा दिवसांत तिचे नाव शाळेतून काढले. परीक्षेला ती बसली नाही. वैशाखात लग्न झाले. दुसरी मुलगी परीक्षेला बसली, पास झाली. पण माझ्या तासाला तिने पुन्हा कधी मान वर केली नाही.

'मित्राची गोष्ट' वाचताना मन्या दळवीचा आवाज माझ्याकडे आला होता, आपणांस आठवत असेल. पत्राच्या प्रसंगाला माझा घसा बसला आणि मी पाणी मागितले. सगळ्यांना वाटले, बाईंना सर्दी झाली.

ती पहिली मुलगी मला २०११ साली मंचरच्या एस. टी. स्टँडवर भेटली. बरोबर मोठा मुलगा होता. तिने "बाई" म्हणून हाक मारली आणि भर गर्दीत वाकून पाया पडली. मी तिला विचारले, बरी आहेस ना? ती म्हणाली, बरी आहे. मग घोडेगावची गाडी लागली आणि ती गेली. तिने मला काही विचारावे, दोन शब्द बोलावे, असे मला फार वाटत होते. तिने काही विचारले नाही.

वर्गाला न येणाऱ्या भगिनींनी मला विचारले होते की बाई, तुम्ही एवढ्या सरळमार्गी, तुम्ही हे पुस्तक का लावून धरले? त्याचे हे उत्तर आहे. ज्या दुपारी आपण 'त्या दोघी' म्हणून बोलत होतो त्या दुपारी खोलीत तीस-पस्तीस बायका होत्या, दाराशी पाच-सहा मुली चहाचे पेले घेऊन उभ्या होत्या. त्यांतल्या कोणाच्या वहीत काय आहे ते मला माहीत नाही आणि आता ते मला पाहावयाचे नाही.

वाचनवर्ग पुढच्या गुरुवारपासून पुन्हा दुपारी तीन वाजता सुरू होईल. यंदा प्रवासवर्णन घ्यावे असे ठरले आहे, त्यामुळे वहिनींनी सुनांना घेऊन यावयास हरकत नाही. कपाटातील 'मित्राची गोष्ट'ची प्रत दिवाळीपासून जागेवर नाही आणि वहीत कोणाच्या नावावरही नाही. जिच्याकडे असेल तिने सावकाश वाचून आणावी. संध्याकाळी कपाटाला कुलूप नसते. पुस्तक ठेवून जावे, कोणी नाव विचारणार नाही.