देवडीवरचा पहारेकरी

पुण्याहून पौडमार्गे पश्चिमेस जाणारा रस्ता मुळशीच्या जलाशयाच्या कांठानें ताम्हिणी घाटाकडे जातो आणि पुढें कोंकणांत उतरतो. जलाशयाचें पाणी मात्र या रस्त्यानें जात नाहीं. तें सह्याद्रीच्या पोटांतील बोगद्यांतून भिऱ्याच्या वीजगृहाकडे उतरतें, आणि तेथें १९२७ सालापासून निर्माण होणारी वीज मुंबईकडे जाते. पाणी एका ठिकाणचें, चक्रें दुसऱ्या ठिकाणीं आणि दिवे तिसऱ्याच ठिकाणीं, ही व्यवस्था मुळशीच्या परिसराला जवळजवळ शंभर वर्षें परिचित आहे.

त्याच मुळशी तालुक्याच्या पूर्वेस हिंजवडी हें गांव आहे. औद्योगिक विकास महामंडळानें तेथें वसविलेल्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्यें काम करणारे अनेक अभियंते अशा यंत्रांची देखभाल करतात कीं, जीं त्यांनीं कधीं डोळ्यांनीं पाहिलेलीं नसतात. यंत्र मुंबईस असेल, युरोपांत असेल किंवा अमेरिकेंत असेल. सांभाळणारा हात मात्र येथला असतो. हा हात इतक्या दूर पोंचतो कसा, आणि तो पुढें करतांना कोणतें भान राखावें लागतें, याचा विचार सुशिक्षित कुटुंबांतील मंडळींनींहि करण्यासारखा आहे. कारण बँकेंतील शिल्लक, आगगाडीचें तिकीट आणि इस्पितळांतील नोंदी आज याच यंत्रांच्या स्वाधीन आहेत.

या यंत्रांना सर्व्हर म्हणतात. सर्व्हर हा शेवटीं संगणकच. पण त्याला बहुधा पडदा नसतो, कळफलक नसतो आणि जवळ माणूसहि नसतो. रॅक नांवाच्या लोखंडी मांडणींत तो चपट्या पेटीच्या रूपानें बसविलेला असतो. ही मांडणी १९ इंच रुंदीची ठरलेली आहे, आणि पेटीची उंची पावणेदोन इंचांच्या पटींत मोजतात. एकाखालीं एक अशा पेट्यांनीं भरलेल्या मांडण्यांच्या रांगाच रांगा थंड केलेल्या दालनांत उभ्या असतात. त्या दालनांत दिवा लावण्याचेंहि एरवीं कारण पडत नाहीं.

घरांतील संगणक अडला तर मनुष्य उठतो, कळ दाबून तो बंद करतो आणि पुन्हां सुरू करतो. शेंकडों कोसांवरील सर्व्हर अडला तर काय करावें? नेहमीं त्याच्याशीं बोलणें होतें तें त्याच्यावर चालणाऱ्या कार्यप्रणालीच्या, म्हणजे युनिक्ससारख्या कारभाऱ्याच्या मार्फत. पण कारभारीच बेशुद्ध पडला, तर हांक कोणाला मारावी?

या अडचणीवर योजिलेला उपाय जुन्या वाड्यांची आठवण करून देणारा आहे. वाड्यांतील सर्व मंडळी झोंपलीं तरी देवडीवरचा पहारेकरी जागा असे. त्याचप्रमाणें मोठ्या सर्व्हरच्या पोटांत दुसरा एक अगदीं लहान संगणक बसविलेला असतो. त्याला मॅनेजमेंट कंट्रोलर म्हणतात. आपण त्याला पहारेकरीच म्हणूं. त्याचा मेंदू वेगळा, स्मृति वेगळी, जाळ्यावरचा पत्ता वेगळा आणि पुष्कळदां तार जोडण्याचें छिद्रहि वेगळें. मुख्य यंत्र बंद असलें तरी विजेची दोरी जोडलेली आहे तोंवर थोडासा वीजप्रवाह आंत येत असतो. तेवढ्यावर हा जागा राहतो. यंत्र किती तापलें, पंखे कोणत्या वेगानें फिरतात, विजेचा दाब ठीक आहे कीं नाहीं, हें तो मोजतो आणि विशेष घडलें तर वेळेसह टिपून ठेवतो. योग्य अधिकाऱ्यानें आज्ञा केल्यास तो मुख्य यंत्र सुरू करतो, बंद करतो किंवा नव्यानें उठवितो.

निरनिराळ्या कंपन्यांनीं या पहारेकऱ्याला निरनिराळीं नांवें दिलीं. सन कंपनीच्या युनिक्स यंत्रांत तो अलॉम व पुढें आयलॉम या नांवानें ओळखला गेला. ह्यूलेट-पॅकार्डच्या यंत्रांत तो आयएलओ झाला आणि डेलच्या यंत्रांत आयड्रॅक. प्रत्येकाची भाषा निराळी असल्यानें होणारा घोटाळा टाळण्यासाठीं इंटेल, ह्यूलेट-पॅकार्ड, डेल आणि एनईसी या चार कंपन्यांनीं १९९८ सालीं आयपीएमआय नांवाची सामाईक पद्धति प्रसिद्ध केली. २०१५ सालीं तिच्या जागीं येऊं पाहणारी रेडफिश ही नवी पद्धति आली.

पहारेकऱ्याचें सर्वांत उपयुक्त काम म्हणजे कन्सोल दाखविणें. कन्सोल ही यंत्राची पहिली आणि शेवटची बोलण्याची जागा होय. येथें युनिक्सचा जन्मकाळ उपयोगीं पडला. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनीं युनिक्सचा पाया घातला, तेव्हां संगणकाशीं बोलण्याचें साधन टेलिटाइप होतें. प्रश्न अक्षरांत टंकावा आणि उत्तर अक्षरांतच कागदावर उमटावें, अशी रीत होती. चित्रांवांचून केवळ शब्दांनीं सर्व कारभार चालविण्याची ही संवय युनिक्सनें सोडली नाहीं. म्हणून त्याला दुरून सांभाळण्यास बारीकशी तार पुरते. सेकंदाला ९६०० बिट हा जुना, मंद वेग. एका अक्षरास आरंभाच्या व शेवटच्या खुणांसह १० बिट धरले, तर सेकंदाला ९६० अक्षरें झालीं. इतक्या वेगानें वाचणारा मनुष्य अद्याप जन्मास यावयाचा आहे!

आतां एक प्रसंग कल्पावा. आषाढांतील रात्र आहे, दोन वाजले आहेत. पौड येथें राहणाऱ्या अभियंत्याला निरोप येतो कीं, दूरच्या शहरांतील एका इस्पितळाचा सर्व्हर उत्तर देत नाहीं. बाहेर पाऊस कोसळत आहे. शिवाय तें शहर इतकें लांब कीं, निघून उपयोग नाहीं. हातांत एक कळ आहे: यंत्र बंद करून पुन्हां सुरू करावें. ती दाबण्याचा मोह मोठा असतो, आणि कच्चा मनुष्य येथेंच चुकतो.

जाणता मनुष्य प्रथम विचारपूस करतो. सर्व्हर उत्तर देत नाहीं म्हणजे तो मेला, असें नव्हे; कदाचित् त्याच्यापर्यंतची वाटच मोडली असेल. म्हणून तो पहारेकऱ्याला विचारतो: वीज आहे काय? पंखे फिरतात काय? गेल्या तासाभरांत काय टिपून ठेवलें आहेस? मग तो कन्सोल उघडतो. पुष्कळदां तेथें सगळें रहस्य उलगडतें. कोठें तबकडीवर जागा संपलेली असते. कोठें यंत्र उठतां उठतां एका प्रश्नाशीं अडून होय किंवा नाहीं या उत्तराची वाट पाहत असतें. आणि कोठें आदल्या सायंकाळीं कोणी तरी जाळ्याच्या मांडणींत बदल करतांना आपण आंत येण्याचें दारच बाहेरून लावून घेतलेलें असतें. ही शेवटची चूक हुशार माणसांच्या हातूनहि होते. अशा वेळीं कळ दाबण्याची गरजच नसते. देवडीच्या वाटेनें आंत जाऊन चुकीची ओळ दुरुस्त केली कीं काम झालें.

यंत्र खरोखरच गोठलें असेल, तरीहि उपायांचा क्रम आहे. प्रथम कन्सोलवरील शेवटचा मजकूर उतरून घ्यावा, कारण यंत्र नव्यानें उठलें कीं तो पुरावा नाहींसा होतो. त्यानंतर कारभाऱ्यालाच रीतसर आवरतें घेण्याची विनंती करावी. त्यानें ऐकलें नाहीं तर, जेथें सोय असेल तेथें, स्मृतींतील स्थिति तबकडीवर उतरवून घ्यावी. सन कंपनीच्या यंत्रांत ब्रेकची खूण पाठविली म्हणजे चालूं कारभार थांबतो आणि यंत्र 'ओके' हीं दोन अक्षरें दाखवून उभें राहतें. तेथें 'सिंक' ही आज्ञा दिली, तर तें आपली स्थिति तबकडीवर लिहिण्याचा प्रयत्न करून मगच पुन्हां उठतें. हें सारें हरल्यावर रीसेट, आणि अगदीं शेवटीं वीज तोडणें.

इतका सावकाशपणा कशासाठीं? कारण युनिक्सला लिहावयास दिलेला मजकूर तो त्याच क्षणीं तबकडीवर उतरवीत नाहीं. वेग साधण्यासाठीं कांहीं काळ स्मृतींत ठेवतो. नोंदी ठेवणाऱ्या चांगल्या पद्धती महत्त्वाचा मजकूर लगेच तबकडीवर लिहावयास भाग पाडतात. पण सर्वच तशा नसतात. वीज एकाएकीं तुटली तर स्मृतींतलें तें सर्व जातें. इस्पितळांतील परिचारिकेनें औषध दिल्याची नोंद नुकतीच केली असेल आणि ती नोंद नाहींशी झाली, तर पुढच्या पाळीवर येणारी दुसरी परिचारिका तेंच औषध पुन्हां देईल. पौडच्या खोलींतून दाबलेल्या कळीचा परिणाम असा एखाद्या खाटेपर्यंत जातो. यंत्राजवळ उभा असलेला मनुष्य त्याचा आवाज ऐकतो, त्याची ऊब हातास लागते. दूर बसलेल्याला यांतलें कांहींच नसतें. त्याला चार ओळींवरून सारें ओळखावें लागतें. म्हणून त्यानें जवळच्या माणसाहून अधिक विचारपूस केली पाहिजे.

पहारेकऱ्याच्या शक्तीला मर्यादाहि आहेत. निसटलेली दोरी तो जोडूं शकत नाहीं, जळलेला भाग बदलूं शकत नाहीं. तेथें माणसाचा हातच लागतो. त्यासाठींहि एक सुंदर सोय आहे. सर्व्हरच्या दर्शनी भागावर एक लहानसा दिवा असतो, आणि दूरचा अभियंता तो लावूं शकतो. शेंकडों सारख्या पेट्यांच्या रांगेंत लुकलुकणारा तो दिवा पाहून तेथला कामगार नेमक्या पेटीशीं जाऊन उभा राहतो. भलत्याच यंत्राची दोरी उपसण्याचा अनर्थ त्यामुळें टळतो. २४ मार्च २०२० च्या रात्रीं देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि हिंजवडीचे रस्ते ओस पडले, त्या दिवसांत अभियंते आपापल्या घरांतून काम करूं लागले. दूरच्या व्यवस्थेची किंमत तेव्हां अनेकांना नव्यानें कळली.

आतां या व्यवस्थेची दुसरी बाजू. जो पहारेकरी मालकाला रात्रीं दार उघडून देतो, तो फितूर झाला तर चोरालाहि देईल. पहारेकरी ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं सर्व यंत्र. मग कारभारी कितीहि सावध असो. आणि ही भीति काल्पनिक नाहीं. आयपीएमआयच्या २००४ सालीं आलेल्या दुसऱ्या आवृत्तींत ओळख पटविण्याची रीतच अशी आहे कीं, विचारणाऱ्याची खात्री पटण्यापूर्वींच पासवर्डापासून तयार केलेली एक सांकेतिक खूण त्याला मिळते. ती घरीं नेऊन चोरानें निवांत तर्क लढवावे! डॅन फार्मर या संशोधकानें २०१३ सालीं हा दोष लोकांपुढें मांडला. तो पद्धतींतच असल्यानें एखाद्या कंपनीच्या दुरुस्तीनें जात नाहीं. २०१७ सालीं तर एका प्रसिद्ध नियंत्रकांत असें आढळलें कीं, विनंतीच्या एका भागांत इंग्रजी 'ए' हें अक्षर २९ वेळां लिहून पाठविलें कीं पासवर्ड न देतां आंत जातां येई. कंपनीनें दुरुस्ती दिली. परंतु दुरुस्ती मिळणें वेगळें आणि ती प्रत्येक यंत्रावर चढविणें वेगळें.

यावरून घ्यावयाचे धडे साधे आहेत. पहारेकऱ्याची तार सर्वांच्या तारेंत मिसळूं नये. तिची वाट वेगळी असावी आणि त्या वाटेवर एकच राखलेला दरवाजा असावा. कारखान्यांतून आलेला पासवर्ड यंत्र मांडणींत चढविण्यापूर्वींच बदलावा. दहा जणांनीं मिळून एकच नांव वापरूं नये. प्रत्येकाचें नांव वेगळें असावें, म्हणजे कोणी काय केलें हें उद्यां कळेल. पहारेकऱ्याचें घड्याळ बरोबर लावावें, नाहीं तर त्याच्या टिपणांचा मुख्य यंत्राच्या टिपणांशीं मेळ बसत नाहीं. यंत्र विकतांना त्याच्या तबकड्या पुसतात. पण पहारेकऱ्याच्या स्मृतींत राहिलेलीं नांवें पुसण्यास विसरतात, तें विसरूं नये.

मुळशीच्या खोऱ्याला दूरच्या निर्णयाची याहून फार कडू आठवण आहे. १९२१ सालीं येथील शेतकरी सेनापति बापट यांच्यासह सत्याग्रहास उभे राहिले, तें मुंबईला वीज देणाऱ्या धरणाखालीं त्यांच्या जमिनी जात होत्या म्हणून. एका यंत्राच्या कळीची त्या दुःखाशीं बरोबरी करणें शोभणार नाहीं. परंतु दूर बसून केलेल्या कृत्याचा भार कोणी तरी जवळ उचलीत असतो, एवढें त्या खोऱ्यांत बसून काम करणाऱ्यानें तरी विसरूं नये.

पौडच्या त्या अभियंत्यानें कन्सोल उघडला, अडलेली ओळ वाचली, ती दुरुस्त केली आणि केलेलें काम वहींत लिहून ठेवलें. वीज तोडण्याची वेळच आली नाहीं. दूरच्या इस्पितळांत परिचारिकेच्या पडद्यावर तिनें थोड्या वेळापूर्वीं केलेली नोंद जशीच्या तशी उमटली. मध्यंतरीं काय घडलें, हें तिला कळण्याचें कारणहि पडलें नाहीं.