आऊटसोर्सिंगची नोकरी : कमाई आणि किंमत
(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



आमच्या वडिलांच्या पिढीने रेल्वेत, बँकेत, गोदीत नोकऱ्या केल्या. तेथे राखीव जागा होत्या, शेवटी पेन्शन होते. आम्ही काही जण मात्र पुण्याला हिंजवडीत, परदेशी ग्राहकांचे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या कंपन्यांत लागलो. येथे राखीव जागा नाहीत आणि तशी पेन्शनही नाही. मग आम्ही काय मिळवले आणि काय गमावले, हे दोन्ही बाजूंनी सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम फायदे पाहू. टाटा कन्सल्टन्सी १९६८ साली मुंबईत सुरू झाली आणि इन्फोसिस १९८१ साली पुण्यात. तेव्हापासून या धंद्याने लाखो मुलांना काम दिले. मोठ्या कंपन्या कॉलेजात येऊन एकाच वेळी पुष्कळ मुले निवडतात. निवड झाल्यावर पगार देऊन शिकवतात. घरी संगणक नसलेला मुलगाही तेथे तयार होतो. पगार वेळेवर होतो, प्रॉव्हिडंट फंड कापला जातो, बँक घरासाठी कर्ज देते. आमच्यापैकी कित्येकांच्या भावंडांचे शिक्षण याच पगारावर झाले.

आता दुसरी बाजू. कंपनी ग्राहकाकडून माणसामागे तासाचे पैसे घेते. ग्राहकाचे काम नसेल तर माणूस ‘बेंच’वर बसतो आणि त्याच्या मनात धास्ती सुरू होते. न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. त्यामुळे मुलांचा अभ्यास, आईचे औषधपाणी, समाजाची बैठक, सारे मागे पडते. एकाच जुन्या प्रणालीची डागडुजी वर्षानुवर्षे केली तर नवे काही हाती लागत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये टाटा कन्सल्टन्सीनेच सुमारे १२,००० माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्यात मधल्या आणि वरच्या फळीतले लोक अधिक होते. मोठे नाव म्हणजे कायमची नोकरी, हा समज आता सोडला पाहिजे.

आमच्यातील एकाने पहिल्या नोकरीत करारपत्र न वाचताच सही केली आणि मूळ प्रमाणपत्रे कंपनीकडे ठेवली. पुढे चांगली संधी आली, पण प्रमाणपत्रे परत मिळेपर्यंत ती हातची गेली. वाचायला शिकलेल्या माणसाने न वाचता सही करावी, याची खंत त्याला आजही आहे.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, या नोकरीला नाही म्हणू नका. पण डोळे उघडे ठेवून जा. बाँड आणि नोटीसची मुदत वाचा. मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नका. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत मोठे कर्ज काढू नका. रोज एक तास नवे शिका. आणि पहिला पगार झाला की मागच्या वर्गातील एका मुलाला हाताशी धरा. राखीव जागा नाहीत तेथे एकमेकांना वाट दाखवणे हाच आपला आधार आहे.