आधी कोणता रस्ता?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



स्नेहमेळाव्यात आठवणी सांगायच्या असतात, आणि त्या रंगवून सांगणारे माझ्यापेक्षा चांगले लोक इथं बसले आहेत. संयोजकांनी मला एवढंच सांगितलं, "तू नकाशांचं काम करतेस ना, त्यातलं काहीतरी सांग." म्हणून विषय घेतला आहे तो असा: चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी पैसा नेहमी थोडाच असतो. मग आधी कोणता रस्ता करायचा, हे नकाशावरून कसं ठरवतात? विषय रुक्ष वाटला, तर शाळा सुटताना फाटकाबाहेर पाच मिनिटं उभं राहून पाहा.

रस्त्याचं काम ठरवताना पहिला प्रश्न असतो, "रहदारी किती?" माणसं उभी करून गाड्या मोजतात. गाड्यांसाठी हे ठीक आहे. पण ज्या पुलावर चालायला कडेला हातभर जागा नाही, तिथं चालणारी माणसं मोजली तर आकडा जवळजवळ शून्य येतो. मग निष्कर्ष निघतो, "इथं कोणी चालतच नाही, पदपथ कशाला?" विहिरीवर रहाट नाही म्हणून कोणी पाणी काढत नाही, आणि कोणी पाणी काढत नाही म्हणून रहाट बसवायचा नाही, असा हा हिशेब आहे.

या फेऱ्यातून बाहेर पडायचा एक चांगला प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. तिथल्या वाहतूक खात्याच्या पैशातून लीड्स, केंब्रिज अशा विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी साऱ्या देशाचा एक नकाशा तयार केला. २०११ च्या जनगणनेत माणूस राहतो कुठं, कामाला जातो कुठं आणि जातो कशानं, हे विचारलं होतं. त्या वेळी कामाला सायकलनं जाणारे शंभरात जेमतेम तीन होते. अभ्यासकांनी आज सायकल कोण चालवतो एवढ्यावर न थांबता पुढचा प्रश्न विचारला: या घरापासून त्या कामापर्यंत अंतर किती, चढ किती, आणि एवढ्याच अंतरावर, एवढ्याच चढावर नेदरलँड्समधली माणसं किती प्रमाणात सायकल घेतात? ते प्रमाण इंग्लंडच्या प्रत्येक भागाला लावून पाहिलं. मग त्या सगळ्या संभाव्य फेऱ्या रस्त्यांवर मांडल्या. जिथून जास्त फेऱ्या जातील ती रेघ जाड, जिथून कमी ती बारीक. आज जिथं एकही सायकल दिसत नाही, असे काही रस्ते त्या नकाशावर ठळक उमटले. हा नकाशा कोणालाही फुकट पाहता येतो, आणि त्यामागचं गणितही खुलं ठेवलेलं आहे.

पुढं याच पद्धतीनं शाळांचा हिशेब केला. इंग्लंडमध्ये शाळेला सायकलनं जाणारी मुलं दोन टक्क्यांहूनही कमी होती. अंतर आणि चढ तेच धरून डच मुलांचं प्रमाण लावलं, तर आकडा ४१ टक्क्यांपर्यंत जातो. याचा अर्थ, अंतर ही मुख्य अडचण नव्हती. घर आणि शाळा यांच्यामधला रस्ता ही अडचण होती.

दुसरं उदाहरण मँचेस्टर आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशाचं. तिथं दहा स्थानिक प्रशासनं आहेत. २०१७ मध्ये ख्रिस बोर्डमन यांना चालणं आणि सायकल या कामासाठी आयुक्त नेमलं. हे १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधले सायकलिंगचे सुवर्णपदक विजेते. त्यांनी दहाही ठिकाणच्या माणसांना नकाशा पसरून बसवलं. सांगितलं, आधी मोठे रस्ते, रेल्वे, नद्या, कालवे म्हणजे माणसाला अडवणाऱ्या रेषा पाहा. त्यांच्या अल्याड-पल्याडच्या शांत गल्ल्या बहुतेक चालण्याजोग्या असतातच. आता या रेषा कुठं ओलांडता आल्या, तर गल्ल्या एकमेकींना जोडल्या जातील? २०१८ मध्ये पहिला आराखडा आला तेव्हा त्यात सुमारे १,००० मैलांचं जाळं होतं. त्यात गाड्यांपासून वेगळे केलेले सायकलमार्ग होते फक्त ७५ मैल, आणि रस्ता ओलांडायच्या जागा मात्र १,४००.

मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. आपण "किती किलोमीटर केलं" हे मोजतो. चालणाऱ्याला किलोमीटरशी घेणंदेणं नसतं. त्याची वाट घरापासून शाळेपर्यंत सलग आहे की मध्येच तुटते, एवढंच त्याला कळतं. अडीच किलोमीटर चांगला रस्ता आणि मध्ये चाळीस मीटरचा जीवघेणा पूल असेल, तर आई मुलीला पाठवत नाही. म्हणून पैसे थोडे असतील तेव्हा विचारायचा प्रश्न असा: कोणता तुकडा जोडला, तर सर्वांत जास्त लोकांची वाट सलग होईल?

आता थोडं सावधगिरीचं. माहिती नकाशावर आली म्हणजे ती खरी, असं नाही. व्यायामासाठी सायकल चालवणारे मोबाईलच्या ॲपवर आपली फेरी नोंदवतात, आणि त्यांचे नकाशे शहरांना मिळतात. कामाचे आहेत, पण त्यात पहाटे व्यायामाला निघालेला दिसतो. दुधाच्या किटल्या अडकवून जाणारा दिसत नाही, आणि दप्तर पाठीवर घेतलेली आठवीतली मुलगी तर नाहीच. अपघातांचंही तसंच. आता पोलीस अपघाताची जागा ॲपवर नोंदवतात, ही फार चांगली सोय झाली आहे. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. हे ठिपके नकाशावर बघायलाच हवेत. पण जी जागा इतकी भयंकर आहे की कोणी ओलांडायची हिंमतच करत नाही, तिथं ठिपका पडत नाही. तिथली मुलं एक तर लांबचा वळसा घालतात, नाही तर घरीच राहतात.

घरी राहणं ही केवळ कल्पना नाही. बिहार सरकारनं २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेत मुलींची योग्य वयात होणारी नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली होती, आणि ही वाढ मुख्यतः शाळेपासून तीन किलोमीटरहून दूर असलेल्या गावांत दिसली. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते. सायकल आली. आता ती चालवायची कुठून, हा प्रश्न उरतो.

आपल्याकडं माणसं चालत नाहीत, सायकल चालवत नाहीत, असंही नाही. २०११ च्या आपल्या जनगणनेतही कामाला कसं जाता, हे विचारलं होतं. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्यांत सुमारे साडेचार कोटी लोक पायी जात होते आणि अडीच कोटींहून जास्त सायकलनं. शाळेला जाणारी मुलं यात धरलेलीच नाहीत. ती मोजायची तर शाळेनंच मोजली पाहिजेत.

म्हणून आपल्या शाळेकडं येते. वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या मुलांच्या वाटेत मोठा रस्ता आहे, ओढ्यावरचा अरुंद पूल आहे, आणि काही पाणंदी आहेत. यातल्या कितीतरी पाणंदी मोबाईलच्या नकाशावर नाहीत, पण जुन्या गावनकाशावर तुटक रेषांनी दाखवलेल्या आहेत. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक नकाशा २००४ पासून लोक मिळून काढतात. त्यात आपणही आपली पाणंद काढू शकतो, परवानगी लागत नाही, पैसे लागत नाहीत.

मी सुचवते ते असं. प्रत्येक वर्गात तीन प्रश्न विचारू: कोणत्या वस्तीवरून येतोस, कशानं येतोस, वाटेत भीती कुठं वाटते? मुलाचं नाव आणि घर नकाशावर टाकायचं नाही, फक्त वस्ती. मग वाटा काढायच्या आणि प्रत्येक अवघड जागेपाशी दोन आकडे लिहायचे. आज इथून किती मुलं जातात, आणि ही जागा नीट झाली तर आणखी किती मुलं स्वतःहून येऊ शकतील. समजा, बाजारपेठेतल्या लांबलचक पदपथानं वीस मुलांची सोय होते आणि पुलाला जोडून केलेल्या चाळीस मीटर पट्टीनं दीडशे मुलांची वाट सलग होते. मग आधी काय करायचं, यावर वाद घालावा लागणार नाही. कागद स्वतःच बोलेल. आणि तो कागद ग्रामसभेत, बांधकाम विभागात, आमदारांकडं नेता येईल. "रस्ता करा" या अर्जापेक्षा "या चाळीस मीटरनं एवढी मुलं शाळेत चालत येतील" या अर्जाला उत्तर द्यावंच लागतं.

उद्या सकाळी निधीतून शाळेला काय द्यायचं याची चर्चा आहे. कमान, संगणक, पाण्याची टाकी, सगळं चांगलं आहे, कशालाच माझा विरोध नाही. नकाशाला निधी नको. दहा माणसं हवीत आणि सकाळच्या शाळेचे दोन शनिवार. त्यातली चार-पाच जणं तरी वस्त्यांवरून इथं चालत आलेली असावीत, कारण कोणती वाट पावसात बुडते, हे उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही, ते त्यांच्या पायांना ठाऊक असतं. दाराशी वही ठेवली आहे. जेवायला जाताना नाव लिहून जा.