पावलांवरची सूज आणि मुलांचं पोषण

मूल गुबगुबीत दिसतं म्हणून घरचे निर्धास्त असतात आणि तपासणीत कळतं की ते बाळसं नव्हे, सूज आहे. कुपोषणाचा हा प्रकार फार फसवा. अंगात साचलेल्या पाण्यामुळे काट्यावरचं वजनही बरं भरतं.

१९३३ साली गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, डॉ. सिसिली विल्यम्स यांनी अशा मुलांची नोंद केली. त्यांच्या आहारात जवळजवळ मकाच होता. या आजाराला क्वाशिओरकोर म्हणतात. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवतं. ते घटलं की पाणी झिरपून पावलांत उतरतं. पण कारण तेवढंच नाही, जंतुसंसर्गाचाही त्यात वाटा असतो.

बाळाच्या दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरा. दोन्हीकडे खड्डा राहिला, तर वजन कितीही असो, त्याच दिवशी आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना गाठा आणि दवाखान्यात न्या. सूज मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारानेही येते, ते डॉक्टर पाहतील. कृपा करून लघवी वाढवणाऱ्या गोळ्या मनाने देऊ नका. त्या अशा मुलाच्या जिवावर बेतू शकतात. एकदम भरपेट खाऊही घालू नका. पोषण पुनर्वसन केंद्रात आहार थोडा थोडा, मोजूनच वाढवतात.