उत्तरपत्रिका कोणाची?



निकाल लागला की कॉलेजच्या कट्ट्यावर एकच प्रश्न फिरतो, ‘रीव्हॅल टाकलीस का?’, म्हणजे पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केलास का? पेपर तर छान गेला होता, मग गुण इतके कमी कसे? अर्ज भरला जातो, शुल्क भरलं जातं आणि वाट बघणं सुरू होतं. पण परीक्षकाने नेमकं काय तपासलं, हे यातल्या कितीजणांनी आधी डोळ्यांनी पाहिलेलं असतं?

ते पाहण्याची सोय सहजासहजी झालेली नाही. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचा नियम एके काळी कडक होता. गुणांची बेरीज पडताळून मिळेल. उत्तरपत्रिका दाखवली जाणार नाही, पुन्हा तपासलीही जाणार नाही. विद्यार्थी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८४ मध्ये पारडं फिरलं. प्रत्येकाला पेपर दाखवत बसलं तर निकालाला अंतच राहणार नाही, असा न्यायालयाचा सूर होता.

पुढची बरीच वर्षं उत्तरपत्रिका कपाटातच राहिली.

कुलूप उघडलं ते माहिती अधिकाराने. २००८ साली केंद्रीय मंडळाची, म्हणजे सीबीएसईची परीक्षा दिलेल्या एका मुलाने स्वतःचीच उत्तरपत्रिका मागितली. मंडळ म्हणालं, ही परीक्षकाने विश्वासाने सोपवलेली ठेव आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केलं. तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’च आहे, ती परीक्षार्थीला पाहता येईल, तिची प्रतही घेता येईल, परीक्षकाचं नाव मात्र झाकलं जाईल. याच निकालाची दुसरी बाजू अनेकांच्या लक्षात राहत नाही. पेपर पाहायला मिळाला म्हणून तो माहिती अधिकाराखाली पुन्हा तपासून मिळत नाही. पुनर्मूल्यांकन होणार की नाही, हे त्या त्या संस्थेचे नियम ठरवतात. शिवाय उत्तरपत्रिका जतन करण्याची मुदत संपून ती नष्ट झाली असेल, तर हक्क बजावायला कागदच उरत नाही.

हा कागद किती नाजूक असतो, ते मुंबई विद्यापीठात २०१७ साली दिसलं. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरलं. तयारी अपुरी पडली. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले, पुढच्या प्रवेशांचे वांधे झाले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून हटवण्यात आलं. केवळ परीक्षकाच्या हातून नव्हे, तर यंत्रणेच्या हातूनही अन्याय होतो, हे तेव्हा घरोघरी कळलं.

अशा तक्रारींसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे आणि तिच्यावर लोकपाल. पण ‘गुण कमी वाटतात’ एवढ्यावर लोकपाल दार उघडत नाही. निकालावर परिणाम करणारी नेमकी अनियमितता किंवा भेदभावाचं ठोस उदाहरण दाखवावं लागतं.

म्हणून अनुभवी प्राध्यापक मुलांना आधी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवायला सांगतात. मग अर्जात ‘माझ्यावर अन्याय झाला’ या वाक्याच्या जागी दुसरं वाक्य येतं: ‘प्रश्न ३ (ब) चं उत्तर पान ११ वर आहे, त्यावर खूणही नाही आणि गुणही नाहीत.’